मनाचे तळघर उघडणारा माणूस : कार्ल युंग

बौद्ध विचारपरंपरेत मनाला अग्रस्थान आहे. दुःखाचे मूळ मनात असते आणि दुःखमुक्तीची वाटही मनातूनच जाते, ही शिकवण आपल्या विद्यालयातील लहानात लहान विद्यार्थ्याच्याही कानावरून गेलेली असते. परंतु आपण ज्याला आपले मन म्हणतो, त्यातील किती भाग आपल्या ओळखीचा असतो, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. पाली साहित्यात अनुसय अशी एक संज्ञा आहे. कामराग, क्रोध, मान, संशय यांसारख्या प्रवृत्ती मनात निद्रिस्त पडून असतात आणि निमित्त मिळताच जाग्या होतात, असा तिचा आशय. पुढे असंग आणि वसुबंधू या आचार्य बंधूंनी आलयविज्ञानाची कल्पना विस्ताराने मांडली. आलय म्हणजे कोठार. माणसाच्या प्रत्येक कृतीचे बीज या कोठारात पडते आणि काळ आला की उगवते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

युरोपात याच प्रश्नाचा शोध विसाव्या शतकाच्या प्रारंभी एका स्विस डॉक्टरांनी वेगळ्या मार्गाने घेतला. त्यांचे नाव कार्ल गुस्टाव्ह युंग. मराठीत जाणीव या शब्दाला नेणीव असा सुंदर जोडीदार आहे. युंग यांनी आपले आयुष्य या नेणिवेच्या, म्हणजेच अबोध मनाच्या अभ्यासाला वाहिले. स्वप्ने, चित्रे आणि पुराणकथा यांतून नेणीव आपल्याशी प्रतीकांच्या भाषेत बोलते आणि ती भाषा शिकल्याशिवाय माणसाला स्वतःची खरी ओळख होत नाही, हे त्यांचे प्रमुख सूत्र. त्यांच्या चरित्रात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, स्वतःच्या मनात खोल उतरण्याचे धैर्य. आणि दुसरी, तेच धैर्य ऐन कसोटीच्या वेळी अपुरे पडले तर काय घडते. पहिली गोष्ट सांगून दुसरी लपविणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. म्हणून या लेखात दोन्ही मांडल्या आहेत.

पाद्र्याच्या घरातील एकाकी मुलगा

युंग यांचा जन्म 26 जुलै 1875 रोजी स्वित्झर्लंडमधील केसव्हिल या कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या गावी झाला. वडील पॉल युंग हे प्रोटेस्टंट पंथाचे ग्रामीण पाद्री होते. घरची सांपत्तिक स्थिती बेताची होती. कार्ल चार वर्षांचा असताना कुटुंब बासेल शहराजवळच्या क्लाइनह्युनिंगेन या खेड्यात राहावयास आले. आई एमिली यांची प्रकृती मनाने नाजूक; कार्ल अगदी लहान असताना त्यांना काही महिने रुग्णालयात ठेवावे लागले होते. बहीण जन्मली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तोवरचे बालपण त्याने जवळजवळ एकट्यानेच काढले.

या एकटेपणात मनाचे आतले जग लवकर जागे झाले. तीन-चार वर्षांचा असताना त्याला एक स्वप्न पडले. कुरणातील एका खड्ड्यातून तो जमिनीखाली उतरतो, तेथे एका दालनात सिंहासन असते आणि त्या सिंहासनावर एक अनोळखी, भयप्रद आकृती उभी असते. हे स्वप्न त्याने कोणालाही सांगितले नाही. ते उघड करण्यासाठी त्याला वार्धक्य यावे लागले. दहाव्या वर्षी त्याने लाकडी पट्टीच्या टोकातून बोटाएवढा एक माणूस कोरला, त्याला काळा कोट आणि उंच टोपी दिली, सोबत ऱ्हाईन नदीतला एक गुळगुळीत रंगवलेला गोटा ठेवला आणि हे सारे पेन्सिलीच्या डबीत घालून माळ्यावर दडवून ठेवले. मन उदास झाले की तो गुपचूप वर जाऊन आपल्या या सवंगड्याला भेटून येई. आपण हे का करतो, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. पुढे पस्तिशीच्या सुमारास प्राचीन जमातींच्या पवित्र दगडांविषयी वाचताना त्यांना ही डबी आठवली आणि ते चकित झाले. कोणीही न शिकवता एका स्विस मुलाच्या हातून असा विधी घडलाच कसा, हा प्रश्न त्यांच्या सिद्धान्ताच्या बीजांपैकी एक ठरला.

शालेय जीवनातील एक प्रसंग विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. बारा वर्षांचा असताना बासेलच्या कॅथेड्रलसमोरील चौकात एका मुलाने त्याला ढकलले. तो पडला, डोके दगडावर आपटले आणि त्याच क्षणी मनात विचार चमकून गेला की आता शाळेत जावे लागणार नाही. त्यानंतर शाळेचे नाव निघाले किंवा अभ्यासाला बसवले की त्याला घेरी येऊ लागली. डॉक्टर झाले, हवापालट झाला, उपयोग काही झाला नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ तो घरीच राहिला. एके दिवशी वडील एका स्नेह्यापाशी आपली चिंता व्यक्त करीत असताना त्याने झुडपामागून ऐकले. आपली तुटपुंजी मिळकत उपचारांवर संपली, आता हा मुलगा पोटापुरते तरी कसे मिळवणार, असा त्या बोलण्याचा भाव होता. मुलगा हादरला. तो तडक खोलीत गेला आणि लॅटिनचे व्याकरण उघडून बसला. घेरी आली, तो पुन्हा बसला. दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली, तरी त्याने पुस्तक सोडले नाही. काही आठवड्यांत तो शाळेत परतला आणि घेरी कायमची थांबली. त्याने सोंग केले नव्हते. घेरी खरी होती. तरीही तिच्या मुळाशी त्याची स्वतःचीच, स्वतःपासून दडवलेली इच्छा होती. पुढे हजारो रुग्ण तपासणाऱ्या या डॉक्टरांनी मनोविकाराचा पहिला धडा असा स्वतःवरच गिरवला.

धर्माविषयीचा पहिला अपेक्षाभंगही घरातच झाला. वडील त्याला ख्रिस्ती धर्मदीक्षेपूर्वीचे पाठ देत. देव एक असूनही त्रिरूप कसा, हे जाणून घेण्याची त्याला उत्सुकता होती. त्या प्रकरणाशी येताच वडिलांनी आपल्यालाही ते समजत नाही असे सांगून पान उलटले. त्यांच्या प्रामाणिकपणाचा मुलाला आदर वाटला; पण केवळ श्रद्धेच्या आधाराने जगू पाहणारे वडील संशयाने आतून पोखरले जात आहेत, हेही त्याला दिसले. 1896 मध्ये वडील वारले. अनुभवाला न उतरलेली श्रद्धा माणसाला आधार देत नाही, हा निष्कर्ष युंग यांनी त्या घरातून सोबत नेला.

रुग्णांच्या बोलण्याला अर्थ असतो

1895 मध्ये युंग यांनी बासेल विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ केला. वडिलांच्या निधनानंतर नातलगांच्या मदतीवर आणि कर्जावर शिक्षण पुरे झाले. मनोविकारशास्त्र ही त्या काळी वैद्यकातील उपेक्षित शाखा. तिच्या वाटेला कोणी हुशार विद्यार्थी जात नसे. युंग यांनी ती जाणूनबुजून निवडली आणि डिसेंबर 1900 मध्ये झुरिकच्या बुर्गहोल्झली या मनोरुग्णालयात प्राध्यापक यूजेन ब्लॉइलर यांच्या हाताखाली रुजू झाले.

येथे त्यांनी शब्दसाहचर्याचे प्रयोग केले. रुग्णापुढे एकामागून एक शब्द उच्चारायचे. प्रत्येक शब्दाला त्याने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा. उत्तराला लागणारा वेळ घड्याळावर मोजायचा. बहुतेक शब्दांना उत्तर चटकन येई, पण काही शब्दांपाशी माणूस अडखळे, हसे, विसरे किंवा भलतेच बोले. त्या अडखळण्यांचा माग काढला की एखादी जुनी जखम, लपवलेली लाज किंवा दाबलेली भीती हाती लागे. भावनेने भारलेल्या अशा विचारपुंजांना त्यांनी जे नाव दिले, त्यालाच आपण मराठीत गंड म्हणतो. आज न्यूनगंड हा शब्द घरोघरी वापरला जातो. त्यातील गंड या संकल्पनेला प्रयोगाचा पाया युंग यांच्या या कामाने दिला.

याच रुग्णालयातील एका वृद्धेची हकीकत त्यांनी आयुष्यभर जपली. ती कित्येक दशके अंथरुणाला खिळलेली होती. बोलत नसे, फक्त हातांची एक विशिष्ट लयबद्ध हालचाल अखंड करीत राही. सर्वांच्या लेखी तो निव्वळ वेडाचा चाळा होता. एका जुन्या परिचारिकेने सांगितले की पूर्वी ही बाई जोडे शिवल्यासारखे हात हलवी. ती वारली तेव्हा अंत्यविधीला आलेल्या भावाकडे युंग यांनी चौकशी केली. तरुणपणी तिचे एका जोडे शिवणाऱ्या कारागिरावर प्रेम होते. त्याने लग्नाला नकार दिला आणि तिचे मन ढासळले. म्हणजे इतकी वर्षे तिचे हात आपल्या प्रियकराचे काम करीत होते. ज्याला जग निरर्थक म्हणते, त्यातही माणसाची कहाणी दडलेली असते, हा विश्वास येथे पक्का झाला. ज्यांचे ऐकून घेण्याची समाजाला गरज वाटत नाही, त्यांचे ऐकणे ही त्यांच्या दृष्टीने उपचाराची पहिली पायरी होती.

फ्रॉइड यांची मैत्री आणि मतभेद

मार्च 1907 मध्ये युंग व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांना प्रथम भेटले आणि ते दोघे सुमारे तेरा तास बोलत राहिले. फ्रॉइड एकोणीस वर्षांनी मोठे. त्यांनी युंग यांच्यात आपला वारस पाहिला. 1910 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेचे पहिले अध्यक्षपद युंग यांच्याकडे आले.

1909 मध्ये दोघे अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात व्याख्यानांसाठी गेले. त्या सुमारास युंग यांना एक स्वप्न पडले. ते स्वतःच्याच, पण अनोळखी अशा दुमजली घरात होते. वरच्या मजल्यावर अठराव्या शतकातील शोभिवंत सामान होते. खालचा मजला त्याहून जुना, मध्ययुगाच्या अखेरचा. त्याखालच्या तळघराच्या भिंती रोमन काळातल्या. तेथील फरशीतील कडी ओढताच आणखी खाली जाणाऱ्या अरुंद पायऱ्या दिसल्या आणि त्या उतरून गेल्यावर एक आदिम गुहा आली. तिच्यात धूळ, फुटकी मडकी, हाडे आणि दोन जीर्ण कवट्या होत्या. फ्रॉइड यांना या कवट्यांमागे कोणाच्या तरी मृत्यूची सुप्त इच्छा दिसली. युंग यांना मात्र ते घर म्हणजे मनाचा आराखडा वाटला. वरचा मजला आपली जाणीव. त्याखाली आपल्या वैयक्तिक विस्मृती. आणि अगदी तळाशी एकट्या व्यक्तीची मालकी नसलेला, सर्व मानवजातीचा थर. या तळच्या थराला त्यांनी पुढे सामूहिक नेणीव म्हटले आणि तेथून उमटणाऱ्या माता, वीर, वृद्ध ज्ञानी, पुनर्जन्म यांसारख्या मूळ साच्यांना आदिबंध.

मतभेद वाढत गेले. दडपलेल्या कामवासनेला फ्रॉइड यांनी दिलेले मध्यवर्ती स्थान युंग यांना मान्य नव्हते. त्यांच्या मते नेणीव ही टाकून दिलेल्या इच्छांची अडगळ तर आहेच, पण ती नवनिर्मितीची आणि आध्यात्मिक जीवनाची जननीही आहे. 1913 च्या आरंभी मैत्री तुटली.

सामूहिक नेणिवेच्या सिद्धान्तावर झालेली टीकाही येथे नोंदविली पाहिजे. बुर्गहोल्झलीतील एका रुग्णाला सूर्याला लोंबणारी एक नळी दिसे आणि तिच्या हलण्याने वारा वाहतो असे तो सांगे. असेच वर्णन एका प्राचीन ग्रीक पोथीत सापडल्याचा दाखला युंग वारंवार देत आणि रुग्णाला ती पोथी ठाऊक असणे शक्य नव्हते, असे म्हणत. परंतु ती पोथी 1903 मध्येच जर्मन भाषांतरासह छापली गेली होती, हे पुढे निदर्शनास आले. आदिबंधांची कल्पना अभ्यासाला दिशा देणारी आहे. ती प्रयोगशाळेत सिद्ध झालेला नियम नव्हे. कोणत्याही थोर माणसाचे म्हणणे पारखून घेण्याची जी सवय तथागतांनी आपल्याला लावली, ती येथेही सोडू नये.

अंधारात उतरताना

फ्रॉइड यांच्यापासून दुरावल्यावर युंग अडतिसाव्या वर्षी एकाकी पडले. ऑक्टोबर 1913 मध्ये रेल्वेप्रवासात त्यांना जागेपणीच एक दृश्य दिसले. उत्तरेकडून आलेल्या महापुराने आल्प्स पर्वतापर्यंतचा युरोप बुडाला होता, लाटांवर प्रेते तरंगत होती आणि मग ते सारे पाणी रक्ताचे झाले. आपल्याला वेड लागत आहे, अशी धास्ती त्यांना वाटली. दहा महिन्यांनी पहिले महायुद्ध पेटले.

मनातून उसळणाऱ्या या प्रतिमांपासून पळण्याऐवजी त्यांना सामोरे जावे, असे त्यांनी ठरवले. क्युसनाख्त येथील घराजवळ झुरिक सरोवराच्या काठी हा नामवंत डॉक्टर दुपारच्या सुटीत लहान मुलासारखा दगडगोट्यांची घरे आणि चर्च बांधीत बसे. रात्री तो आपल्या कल्पनांत उतरे, तेथे भेटणाऱ्या आकृतींशी संवाद करी आणि तो जसाच्या तसा वह्यांत उतरवी. यातील निवडक मजकूर त्यांनी सुवाच्य अक्षरांत आणि रंगीत चित्रांसह एका मोठ्या तांबड्या ग्रंथात लिहून काढला. हा ग्रंथ त्यांनी हयातीत छापला नाही. तो 2009 मध्ये प्रकाशात आला. या काळात त्यांनी विद्यापीठातील अध्यापन सोडले, पण रुग्ण तपासणे सोडले नाही. पत्नी एमा आणि पाच मुले यांचा संसार व रोजचे काम या दोन खुंट्यांनी आपल्याला जमिनीवर धरून ठेवले, असे ते पुढे मानीत. याच काळात पूर्वी त्यांच्या रुग्ण असलेल्या आणि पुढे सहकारी झालेल्या टोनी वोल्फ यांच्याशी त्यांचे निकटचे नाते जुळले आणि ते अनेक वर्षे टिकले. एमा यांना त्याचे दुःख सोसावे लागले, हेही त्या प्रवासाचे मोल होते.

महायुद्धाच्या अखेरीस लष्करी सेवेत असताना ते रोज सकाळी वहीत एक वर्तुळाकृती काढीत. मनःस्थिती बिघडली की आकृतीची समतोल मांडणीही मोडे. मध्यबिंदू, त्याभोवती चौकोन, त्याभोवती वर्तुळ ही रचना पुन्हा पुन्हा उमटत होती. तिबेटी बौद्ध परंपरेतील मंडल त्यांना या आकृतींचे भावंड वाटले. विखुरलेले मन स्वतःचे केंद्र शोधू लागले की ही आकृती जन्म घेते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. 1928 मध्ये रिशार्ड व्हिल्हेल्म यांनी एका प्राचीन चिनी साधनाग्रंथाचे हस्तलिखित त्यांच्याकडे पाठवले, तेव्हा आपला अनुभव एकट्याचा नाही याची त्यांना ग्वाही मिळाली.

मुखवटा आणि छाया

या अनुभवांतून त्यांची विचारसरणी आकाराला आली. 1921 मधील ग्रंथात त्यांनी मांडलेले अंतर्मुख आणि बहिर्मुख हे दोन प्रकार आज शाळेच्या प्रगतिपुस्तकापर्यंत पोचले आहेत. त्यांची दुसरी एक जोडी मात्र अधिक मोलाची आहे. समाजात वावरताना आपण जो चेहरा धारण करतो, त्याला त्यांनी मुखवटा म्हटले. शिक्षक, अधिकारी, कार्यकर्ता, भक्त हे सारे मुखवटे आवश्यक असतात. पण मुखवट्यालाच चेहरा समजणे घातक. या उजळ चेहऱ्यामागे जे नाकारलेले, लाजिरवाणे, मत्सरी, भेकड असे आपलेच अंग दडते, ती छाया.

छाया पाहणे कुणालाच आवडत नाही. म्हणून माणूस ती दुसऱ्यावर टाकतो. स्वतःतील लोभ त्याला शेजाऱ्यात दिसतो, स्वतःतील मलिनता दुसऱ्या समूहात. ही क्रिया नकळत घडते, म्हणूनच ती करणाऱ्याला आपण न्यायाने वागत आहोत असे वाटते. ज्या समाजाने आपल्या मनातील अशुद्धतेची भीती शतकानुशतके काही माणसांच्या स्पर्शावर आणि सावलीवर लादली, त्या समाजातील वाचकाला हा सिद्धान्त समजावून सांगण्याची गरज नाही. युंग यांच्या दृष्टीने आत्मज्ञानाची सुरुवात मंगल प्रकाशदर्शनाने होत नाही. ती या छायेच्या भेटीने होते.

पस्तिशी ओलांडलेल्या आपल्या रुग्णांच्या दुखण्याच्या मुळाशी बहुधा जीवनाचा अर्थ हरवल्याची वेदना असते, असे त्यांचे निरीक्षण होते. ही वेदना ते धार्मिक म्हणत. परंतु त्यावर कर्मकांडाचा तोडगा ते देत नसत. स्वप्नांकडे ते शकुन म्हणून पाहत नसत. त्यांच्या मते चिन्हाचा अर्थ ठरलेला असतो, प्रतीकाचा नसतो. स्वप्नातील साप म्हणजे अमुक, असे सांगणारे कोष्टक त्यांनी मानले नाही. तो साप त्या विशिष्ट माणसाला काय सांगतो, हे त्याच्या जीवनाच्या संदर्भातच शोधावे लागते. स्वप्न जाणिवेच्या एकांगीपणाला तोल देते, एवढे त्यांचे सूत्र. स्वप्नांच्या नावाखाली दक्षिणा उकळणाऱ्या बुवांच्या धंद्याशी या अभ्यासाचा संबंध नाही, हे सांगणे आपल्याकडे आजही आवश्यक आहे.

कसोटीची वर्षे

1933 मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली. मानसोपचाराच्या एका वैद्यकीय संघटनेचे अध्यक्ष एर्न्स्ट क्रेट्श्मर यांनी पद सोडले आणि उपाध्यक्ष असलेल्या युंग यांनी ते स्वीकारले. संघटनेला आंतरराष्ट्रीय रूप देऊन, जर्मन शाखेतून बाहेर काढल्या गेलेल्या ज्यू डॉक्टरांना वैयक्तिक सभासदत्वाची वाट त्यांनी खुली केली, हे खरे आहे. पण जर्मन शाखा नाझी नेता हेरमान गोरिंग याच्या नातलगाच्या हाती होती. युंग संपादक असलेल्या नियतकालिकात हिटलरच्या विचारांना निष्ठा वाहण्याचे आवाहन छापून आले. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे 1934 च्या एका लेखात त्यांनी ज्यूंची नेणीव आणि जर्मन वंशाची नेणीव यांत भेद केला आणि दुसरीला अधिक सर्जनशील ठरवले. ज्या दिवसांत ज्यूंच्या पोटावर आणि जिवावर घाला पडत होता, त्याच दिवसांत हे शब्द छापले गेले. गुस्टाव्ह बाली या मनोविकारतज्ज्ञांनी झुरिकच्या वृत्तपत्रात जाहीर टीका केली. एरिख नॉयमान या त्यांच्या ज्यू शिष्याने पत्र लिहून त्यांना जाब विचारला.

ज्यू शिष्य त्यांच्याजवळ राहिले, ज्यू निर्वासितांना त्यांनी साहाय्य केले आणि काही वर्षांतच नाझी उन्मादावर त्यांनी लेखही लिहिला. हे सारे जमेस धरूनही मूळ दोष उरतोच. ज्या तळघरात सर्व मानवजातीचा एकच सामाईक थर आहे असे त्यांनी सांगितले होते, त्याच तळघरात त्यांनी वंशाच्या भिंती उभ्या केल्या. माणसाचे मन जन्मावरून ठरते, हे म्हणणे कोणत्याही भाषेत आणि कितीही विद्वत्तेने मांडले तरी त्याचा शेवट कोठे होतो, हे भारतीय माणसाने इतिहासाकडून वेगळे शिकावे लागत नाही.

सांचीच्या टेकडीवर

कोलकात्यात जानेवारी 1938 मध्ये भरणाऱ्या भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनाचे निमंत्रण स्वीकारून युंग डिसेंबर 1937 मध्ये मुंबईच्या बंदरात उतरले. अलाहाबाद, बनारस आणि कोलकाता या तीन विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. साधुसंतांच्या दर्शनाचा मोह त्यांनी टाळला. उसने ज्ञान घेऊन परतण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता. कोलकात्यात अतिसाराने त्यांना दहा दिवस रुग्णालयात राहावे लागले.

या प्रवासात त्यांच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो सांचीचा. टेकडीवरचा महास्तूप, त्याचा प्रशस्त गोलाकार, चार दिशांची तोरणे आणि प्रदक्षिणामार्ग पाहून ते स्तब्ध झाले. वीस वर्षे कागदावर रेखाटलेले मंडल येथे दगडात उभे होते. तेवढ्यात जपानी यात्रेकरूंचा एक समूह घंटानाद करीत, प्रार्थना म्हणत, बुद्धमूर्तींपुढे नतमस्तक होत प्रदक्षिणा घालू लागला. युंग यांना भावना आवरेना. बुद्धांविषयी आजवर वाचलेले सारे त्या टेकडीवर अनुभवाच्या पातळीवर आले. कोणत्याही देवतेच्या कृपेवाचून, केवळ स्वतःच्या जागृत बोधाने मनुष्यत्वाची पूर्णता गाठणारा माणूस, असे बुद्धांचे रूप त्यांना तेथे प्रतीत झाले. पुढे श्रीलंकेत कँडीच्या दंतविहारातील सायंकाळची पूजाही त्यांनी पाहिली. उत्तरायुष्यात त्यांनी नमूद केले की धर्माच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या जिज्ञासेने ते बुद्धविचाराकडे वळले नव्हते; दुःखाने पिडलेल्या माणसांवर उपचार करताना दुःखाचे कारण शोधणाऱ्या त्या शिकवणीत एका वैद्याला मदत सापडली होती.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र येथे थबकावे लागते. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणे ज्यांनी नाकारले, त्या तथागतांच्या स्तूपापुढे ते सद्गदित झाले, तेव्हाही त्या संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते. ते त्यांनी 1939-40 मध्ये सोडले. हृदय हेलावणे आणि आचरण बदलणे या दोहोंत किती अंतर असू शकते, हे त्यावरून कळते.

अखेरची वर्षे

1944 मध्ये पाय मोडल्यानंतर युंग यांना हृदयविकाराचा झटका आला. मृत्यूच्या दारात त्यांनी पाहिलेल्या दृश्यांत पृथ्वी खूप खाली निळ्या प्रकाशात दिसत होती, पायाखाली श्रीलंका आणि पुढे भारत होता आणि अवकाशात तरंगणाऱ्या एका पाषाणमंदिराच्या दाराशी एक सावळा भारतीय पद्मासनात शांत बसला होता. त्यातून ते बरे झाले आणि त्यांचे अनेक महत्त्वाचे ग्रंथ त्यानंतर लिहिले गेले.

महायुद्ध संपल्यावर छळछावणीतून वाचलेले ज्यू धर्मगुरू लिओ बेक झुरिकला आले. युंग यांच्या घरी येण्याचे त्यांनी नाकारले. तेव्हा सत्तरी ओलांडलेले युंग स्वतः त्यांच्या हॉटेलवर गेले. दोघांत सुमारे दोन तास बोलणे झाले; बेक यांनी सर्व आरोप त्यांच्यापुढे ठेवले आणि युंग यांनी आपला पाय घसरल्याचे मान्य केले. ही हकीकत बेक यांच्याकडून गेरशोम शोलेम या विद्वानांना कळली. ही कबुली खासगी होती. ज्या स्पष्टतेने 1934 चे शब्द छापले गेले, त्या स्पष्टतेने ती छापली गेली नाही. तरीही आयुष्यभर इतरांना ज्या छायेची ओळख करून दिली, तिच्याकडे हा वृद्ध स्वतः पायी चालत गेला, याची नोंद इतिहासाने घ्यावी.

बोलिंगेन येथे सरोवराकाठी 1923 पासून त्यांनी टप्प्याटप्प्याने एक दगडी बुरूज बांधला होता. तेथे वीज नव्हती. ते लाकडे फोडीत, पाणी भरीत, स्वयंपाक करीत आणि दगड कोरीत. 1955 मध्ये एमा निवर्तल्या. 1957 पासून त्यांनी अनिएला याफे यांना आपल्या आठवणी सांगितल्या; त्या ग्रंथाच्या आरंभीच्या भागात बालपणीचे ते खड्ड्यातले स्वप्न जगापुढे आले. 1959 मध्ये त्यांची दूरदर्शनवरील मुलाखत पाहून एका प्रकाशकाने सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिण्याचा आग्रह धरला. युंग यांनी नकार दिला. मग त्यांना स्वप्न पडले की ते अभ्यासिकेतील पंडितांपुढे न बोलता भर चौकात मोठ्या जनसमुदायापुढे बोलत आहेत आणि लोकांना ते समजते आहे. त्यांनी नकार मागे घेतला. प्रतीकांवरील त्या पुस्तकातील आपला भाग त्यांनी आजारपणापूर्वी जेमतेम पुरा केला आणि 6 जून 1961 रोजी क्युसनाख्त येथील घरी देह ठेवला. पुस्तक 1964 मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या वसतिगृहात निरनिराळ्या गावांची आणि घरांची मुले एका छताखाली राहतात. एकमेकांचा राग येतो, कोणी उगाचच नकोसा वाटतो, कोणाला चिडवण्यात सर्वांना आनंद होतो. अशा वेळी ज्याचा तिटकारा आला, त्याच्यात आपले स्वतःचे काय दिसले, एवढा एक प्रश्न विद्यार्थ्याने रात्री निजण्यापूर्वी स्वतःला विचारला तरी पुरे. दुसऱ्याचे दोष भुशासारखे पाखडणे सोपे असते आणि स्वतःचे पाहणे अवघड, हे धम्माने आपल्याला फार पूर्वी शिकवले आहे. ते किती अवघड आहे, हे युंग यांच्या चरित्रावरून कळते. कारण मनाच्या तळघराच्या किल्ल्या हाती असलेल्या या माणसालाही त्यातील एक दार उघडायला फार उशीर झाला.